आधी चेंडू की आधी पाय

पूर्ण वेग

बाप उजवीकडून धावत आला, डॉक्टरांनी पाय घातला आणि बाप फोमच्या थरांवर आडवा कोसळला. धक्क्याने कापणीच्या टेबलावरची मोठी कात्री खाली पडली. चिंध्या कोंबून शिवलेला रेक्झिनचा चेंडू शिलाई मशीनखाली जाऊन थांबला.

"लागलं का हो?" डॉक्टरांनी हात पुढे केला.

"मला कशाला लागतंय? लागलं ते काल आपल्या खारीला. तुम्ही बोला."

"बोलायचं काय त्यात? लाल कार्ड. माझा पाय कुठे आला बघितलंत ना? चेंडू त्या मशीनखाली आणि मी तुमच्या नडगीवर."

"अहो, तो पाय दातांच्या डॉक्टरचा," स्टुलावर बसलेला मामा म्हणाला. "दिवसभर खुर्चीचं पेडल दाबून त्याला वळणच तसं लागलंय. आमच्या कुलपाचा पाय आधी चेंडूला लागला, मग तुमच्या खारीला. पिवळं दिलं तेच जास्त झालं."

"तुम्ही खालचे असंच म्हणणार."

"आणि तुम्ही वरचे जन्मभर रडणार."

पुलाच्या वरच्या अंगाला एक क्लब, खालच्या अंगाला दुसरा. त्यांची फुटबॉलची डर्बी रविवारी होते आणि संपते सोमवारी, बापाच्या या सोफ्यांच्या कारखान्यात. सोमवारी इथे गिऱ्हाईक येत नाही. मशीनवर कापड टाकलेलं असतं, अर्धे सोफे पोट उघडं टाकून भिंतीला टेकलेले असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत फोम अंथरून आदल्या दिवशीचा भांडणाचा टॅकल पुन्हा खेळला जातो. त्याला हे लोक फेरखेळ म्हणतात. नियम बापाचाच. जिभेने कोणीही टॅकल करतो, अंगाने करून दाखवा. जो लाल म्हणेल त्याने पाय घालायचा. जो वाचवायला जाईल त्याने पडायचं. या नियमामुळे भांडणं कमी झाली नव्हती, गुडघे मात्र सगळ्यांचे दुखायचे.

आज त्यात एक गोष्ट उलटी होती. बाप वरचा. हाडाचा वरचा. मोडलेली नडगी वरच्यांच्या पोराची, ज्याला सगळे खार म्हणतात त्याची. पाय घालणारा कुलूप हा खालच्यांचा बचावपटू. बापाने पाय घालायला हवा होता. पण बाप सकाळपासून पडत होता.

"तुम्ही फितूर झालात," डॉक्टर म्हणाले. ते बापाचे जुने साथीदार, स्टँडमध्ये कायम शेजारी. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

"फितूर कसला? त्या रेषेवर झेंडा घेऊन कोण होतं? माझी मुलगी. पंच मागे राहिले होते. त्यांनी तिला विचारलं. तिने सांगितलं, पिवळं. विषय संपला. तिने पाहिलंय."

"आणि तुम्ही?"

"मीही होतो की. काल स्टँडमध्ये नव्हतो, खाली दोरीला टेकून होतो. पाच हातांवर. पाच हातांवरून दिसतं ते तुम्हाला वरून दिसणार का?"

पाच हातांपुढे कोणाचंच काही चालेना.

तेवढ्यात मुलगी दारात आली. खांद्यावर बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. संध्याकाळी सहाला तिला संघटनेच्या ऑफिसात शिस्त समितीसमोर जायचं होतं. ती कोणाला हटकायला आली नव्हती. उंबऱ्यात उभी राहून ती फोमवर उमटलेल्या बापाच्या अंगाच्या खळग्याकडे बघत राहिली.

"या पंचसाहेब," मामा म्हणाला. "तुमचाच खटला चाललाय."

"चालू द्या," ती म्हणाली. "मला बघायचंय."


तीन टॅकल

डॉक्टरांचा.

कुलूप लांबून आला. खार रेषेलगत चेंडू घेऊन सुटला होता आणि कुलपाला कळलं की आता हा पकडता येत नाही. हे त्याला कळलं तो क्षण डॉक्टरांनी स्टँडमधून डोळ्यांनी पाहिला. खांदे पडले त्याचे. मग तो घसरला, दोन्ही पाय पुढे, बुटाचे खिळे समोर. चेंडू तोवर निघून गेला होता. पाय राहिला होता. हॉस्पिटलमधला मित्र सांगतो, दोन्ही हाडं. चेंडूला लागून उसळलेल्या पायाने दोन्ही हाडं मोडत नाहीत.

मामाचा.

कुलूप आडवा आला, समोरून नाही. एकच पाय, तोही जमिनीला चिकटलेला. मामा आयुष्यभर बस चालवतोय, कोण कुठून आडवं आलं ते त्याला विचारा. बूट चेंडूला लागला, चेंडूची दिशा बदलली, आणि खार आपल्याच वेगात कुलपाच्या मांडीवर आदळला. भिंतीला धडकणाऱ्याने भिंतीवर केस करायची का? कुलपाची आई मामाच्या बसने रोज कामाला जाते. याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, मामा म्हणाला, उगाच सांगितलं.

बापाचा.

पिवळं. जोरात गेला, हे खरं. उशिरा गेला, हेही खरं. पण मारायला नाही गेला. पाच हातांवरून नियत दिसते.

मुलीचा.

मुलगी पाणी प्यायला आत गेली.


अर्धा वेग

"मोबाइलवर नाही का कोणाकडे?" परत येऊन तिने विचारलं.

"तिघांकडे आहे," डॉक्टर म्हणाले. "एकात समोरच्याचा झेंडा आडवा आलाय. दुसऱ्यात नुसतं टक्कल. तिसऱ्यात काढणाराच उड्या मारतोय, त्यात आकाश छान आलंय."

"म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही. म्हणून तर तुला बोलावलंय त्यांनी."

तिने बॅग सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर ठेवली. "पुन्हा करा ना. जरा हळू."

बाप खुशीत उठला. मुलगी फेरखेळाला थांबली होती, असं पंचाचं लायसन्स मिळाल्यापासून कधी झालं नव्हतं. एरवी ती म्हणायची, तुम्ही लोक मेलेल्या बैलाचं दूध काढता. आज ती कापणीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. टेबलाची कड म्हणजे रेषा, हे तिला सांगावं लागलं नाही.

बाप अर्ध्या वेगाने आला. डॉक्टर अर्ध्या वेगाने घसरले. अर्ध्या वेगाने माणसं हास्यास्पद दिसतात, पण कोणी हसलं नाही.

"थांबा. डॉक्टरकाका, तुमचा दुसरा पाय कुठे होता? वाकलेला की सरळ?"

"सरळ. दोन्ही सरळ."

"मामा?"

"वाकलेला. उजवा वाकलेला."

"आणि चेंडू? आधी चेंडू की आधी पाय?"

"पाय," डॉक्टर म्हणाले.

"चेंडू," मामा म्हणाला, आणि मग त्याने भाचीकडे जरा वेळ बघितलं. "हे आम्ही तुला विचारायचं, बाई. उलट तूच आम्हाला काय विचारतेस?"

"तुम्हाला काय दिसलं ते ऐकायचंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे?" बाप मध्ये पडला. "समितीसमोर जायचंय तिला. चार बाजूंनी विचार करून जाते पोरगी. तुझ्यासारखी नाही, हॉर्न वाजवला की घुसली."

मामा हसला नाही. तो स्टुलावरून उतरला. "समिती काय करते गं अशा वेळी? मला नीट माहीत नाही."

त्याला माहीत होतं. त्याने तिला बोलतं करायला विचारलं होतं, आणि ते तिलाही कळलं.

"पंचांनी लिहून दिलंय की सहायकाच्या सांगण्यावरून पिवळं दाखवलं," ती म्हणाली. "मी पाहिलं आणि मला चुकीचं दिसलं, असं असेल तर समज देतात. निर्णयातली चूक. सगळ्यांची होते."

"आणि?"

"आणि काय?"

"दुसरं काय असू शकतं?"

तिने टेबलावरचा खडू उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला. बोटं पांढरी झाली.

"न बघता सांगितलं असेल तर झेंडा काढून घेतात. कायमचा."

"तुझ्या बाबतीत तो प्रश्नच नाही," बाप म्हणाला. "डॉक्टर, उठा. अजून एकदा."


पावलापावलाने

या वेळी मामाने सूत्रं हातात घेतली. म्हणाला, तुम्ही दोघं नुसते पडताय आणि उठताय, जागा कोणाचीच बरोबर नाही. त्याने रेक्झिनचा उभा गुंडाळा ओढत आणून टेबलाच्या मागे ठेवला. "ही दोरी. इथे लोक. इथे," गुंडाळ्याला थापट मारून तो बापाला म्हणाला, "तू." मग खारीची जागा, मग कुलपाची. मागे लांब, मशीनपाशी, पंच. तिथे त्याने चहाची किटली ठेवली.

"किटली कशाला?"

"कालचे पंच तेवढेच पळत होते."

डॉक्टर हसले. बापही हसला. मग मामा भाचीकडे वळला.

"रेषेवरचं माणूस राहिलं."

"माझी काय गरज?"

"फेरखेळात आजवर लाइनवाला कधी घेतलाच नाही आपण. चुकतच होतं ते. ये."

तिने बापाकडे पाहिलं. बाप आपल्या जागेवर, खारीच्या जागेवर, पाय हलवून अंग मोकळं करत होता. तिने टेबलाच्या कडेवरून लाकडी पट्टी उचलली, झेंड्यासारखी खाली धरली आणि कडेलगत उभी राहिली. उभं राहताच तिची पाठ आपोआप ताठ झाली. घरात ती अशी कधी उभी राहत नसे. बापाने ते पाहिलं आणि डॉक्टरांना डोळ्यांनी खूण केली, बघा.

"मी म्हणेन तेव्हा एक पाऊल," मामा म्हणाला. "जसं काल होतं तसं. डोकं लावायचं नाही, अंगाला करू द्यायचं. थांबा म्हटलं की जिथे असाल तिथे. बाकी कोणी काही बोलायचं नाही. चला."

पाऊल.

बापाने चेंडू पुढे ढकलला. मुलगी कडेलगत आडवी सरकली, तोंड खेळाकडे.

पाऊल.

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि वेग पकडल्याचा अभिनय केला.

पाऊल.

बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. आत कोणी हललं नाही.

पाऊल.

चेंडू बापाच्या उजव्या बुटापासून हातभर. डॉक्टर खाली वाकले, एक हात फोमवर टेकवला.

पाऊल.

"थांबा."

डॉक्टरांचा पाय हवेत. बाप एका पायावर. तोल जात होता, पण नियम तो नियम. तो तसाच थरथरत उभा राहिला आणि त्याची नजर साहजिकच समोर गेली, रेषेकडे, मुलीकडे.

मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती.

तिची मान मागे वळली होती. उजव्या खांद्यावरून, रेक्झिनच्या गुंडाळ्याकडे. हनुवटी खाली. डोळे गुंडाळ्यावरून घसरून स्वतःच्या डाव्या बुटावर येऊन थांबले होते. पट्टी हातात खाली लोंबत होती. आपण अशा उभ्या आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

"भाचे," मामा हळूच म्हणाला, "मान तिकडे का?"

तिने मान झटकन सरळ केली.

"आरशात बघणाऱ्याची मान मला कळते गं. रोजचं काम आहे माझं."

बापाने वर धरलेला पाय खाली टेकवला. कोणी 'हला' म्हटलं नव्हतं. फेरखेळात त्याने स्वतःचा नियम मोडण्याची ही पहिली वेळ.


उलट

पिवळं कार्ड खिशात परत जातं. पंच पाठीमागे पळत पळत दूर, किटलीएवढे होतात. स्ट्रेचर रिकामं होतं. खार गवतावरून उठतो, त्याची नडगी जुळते, किंकाळी त्याच्या तोंडात शिरते आणि तोंड मिटतं. कुलूप पाठीवरून पायांवर येतो, मागे मागे सरकतो, त्याचे पडलेले खांदे वर उचलले जातात. तो आवाज, कोरडा, फळी मोडल्यासारखा, अजून झालेला नाही.

मुलीचे डोळे बुटावरून उठतात. मान खांद्यावरून परत फिरते. ती खेळाकडे बघते आहे. सगळं बघते आहे.

आणि दोरीच्या मागे, हजारो माणसांच्या ओरडण्यातून, एक ओरडणं सुटं होऊन परत येतं. रेषा ओलांडून, दोरी ओलांडून, टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या उघड्या तोंडात:

भिंगरे, लेस सुटलीये!


वेगाशिवाय

"तू बघितलं नाहीस," मामा म्हणाला.

"नाही."

डॉक्टर फोमवर बसले. "मग पंचांना सांगितलंस काय?"

"ते पळत आले. म्हणाले, लाल की पिवळं, लवकर सांग. सगळे अंगावर येत होते. मी आवाज ऐकला होता. फक्त आवाज." तिने पट्टी टेबलावर ठेवली, कडेला समांतर. "मी पिवळं म्हणाले. म्हटलं, चुकलं तर निम्मंच चुकेल."

"निम्मं," डॉक्टर म्हणाले.

"पण बघत कुठे होतीस?" मामाचा आवाज चढला. "ऐन त्या क्षणी? चेंडू समोर, माणूस समोर—"

"मागून कोणीतरी ओरडलं."

"लोक ओरडतातच! ओरडायलाच येतात! तू काय पहिल्यांदा गेलीस मैदानावर? कोण ओरडलं म्हणून मान वळवायची असते का?"

मुलीने शर्टाची बाही नीट केली. ती आधीच नीट होती.

"मी ओरडलो," बाप म्हणाला.

भिंतीला टेकलेल्या सोफ्यातली एक स्प्रिंग आपोआप सुटून किणकिणली.

"तिच्या बुटाची लेस सुटली होती," बाप म्हणाला. "डाव्या. पळताना पायात येणार होती. मी म्हटलं... घरचं नाव घेऊन म्हटलं. नाहीतर लक्ष गेलं नसतं."

लायसन्स मिळालं तेव्हा मुलीने एकच अट घातली होती. मैदानावर तू माझा कोणी नाहीस. बापाने ती हसत हसत मान्य केली होती, आणि पाळलीही होती. म्हणूनच तो आजवर स्टँडमध्ये, लांब, डॉक्टरांशेजारी बसत आला. काल तिची पहिली डर्बी होती. पाणी आणतो म्हणून तो खाली उतरला आणि परत वर गेला नाही.

डॉक्टर हळूहळू हिशेब जुळवत होते. ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"एक मिनिट. तुम्ही तिच्या लेसकडे बघत होतात."

"हो."

"मग टॅकल?"

बापाने खाली पडलेली कात्री उचलली. पुसली. जागेवर ठेवली.

"सकाळपासून तुम्ही आम्हाला पाच हात पाच हात करून भंडावून सोडलंत!"

"पाच हातांवर होतो," बाप म्हणाला. "तेवढं खरं आहे."

"अहो, पण पाहिलं काय?"

"काहीच नाही. सामनाच पाहिला नाही मी. सुरुवातीपासून. ती कुठे पळते, कुठे थांबते, झेंडा कोणत्या हातात घेते, तेच बघत होतो. गोल झाला तोसुद्धा लोक उड्या मारायला लागले तेव्हा कळला."

"कोणाचा झाला ते तरी कळलं का?" मामा म्हणाला, पण त्यात टोमणा उरला नव्हता. त्याने स्टूल ओढलं आणि बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"हे बघ," शेवटी तो भाचीला म्हणाला. "हे आपल्या चौघांत राहील. सहाला जा. सांग, पाहिलं, मला पिवळं वाटलं. निर्णयातली चूक. समज देतील, घरी ये. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"बापाला कळलंय," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही मध्ये बोलू नका."

"तसं सांगितलं तर कुलूप सुटतो. आणि खार तिकडे पाय टांगून पडलाय."

"कुलपाचं काय घेऊन बसलात! ही माझी भाची आहे!"

"ती मला काल-परवा भेटली का? तिचे दुधाचे दात मी काढलेत!"

दोघं उभे राहिले होते. इतक्या वर्षांत लाल-पिवळ्यावरून ते इतके जवळ कधी आले नव्हते. डॉक्टरांचा श्वास मामाच्या कॉलरवर पडत होता. आणि मग दोघांनाही एकदमच कळलं असावं की आता आपल्यातला कोणीही कोणत्याच क्लबचा नाही, कारण दोघंही मागे सरले आणि डॉक्टर उगाचच फोमचे थर एकावर एक रचायला लागले.

"मी येतो," बाप मुलीला म्हणाला. "मी सांगतो त्यांना. माझ्यामुळे झालं. तुझा काय दोष?"

"नको."

"अगं पण—"

"तू आलास तर ते माफ करतील, बाबा. म्हणतील, बापाने हाक मारली, पोरीने बघितलं, चालायचंच. आणि मग मला झेंडा देतील, शाळांच्या सामन्यांना." तिने बॅग खांद्यावर घेतली. "तू हाक मारलीस ती एक गोष्ट झाली. पंचांनी विचारलं तेव्हा मला 'नाही पाहिलं' म्हणता येत होतं. तेव्हा तू कुठे होतास? ते माझं मी बोलले."

बापाने स्कूटरची किल्ली उचलली.

"सोडायला तरी येऊ?"

ती विचार करत होती. किती साध्या गोष्टीचा विचार करावा लागत होता.

"खालपर्यंत," ती म्हणाली.


सहा

संघटनेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात रंगाचा वास, कॉरिडॉरमध्ये एक लांब बाक, बाकासमोर बंद दार. बाप खाली स्कूटरपाशी थांबला होता. त्याने वर यायचा प्रयत्न केला नाही, हेही तिने पायऱ्या चढताना मागे न बघता ओळखलं.

बाकाच्या टोकाला कुलूप बसला होता. मैदानावर तो दारासारखा रुंद दिसायचा. इथे त्याने कोणाचा तरी शर्ट घातला होता, वरचं बटण लागत नव्हतं आणि तो ते सारखं लावून बघत होता. तिला पाहून तो अर्धवट उठला, मग बसला.

ती दुसऱ्या टोकाला बसली. एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम असावा, नसावाही. तिला आठवेना.

आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला. पुढ्यातल्या फरशीकडे बघत. "एक विचारू?"

तिने बॅग मांडीवर घेतली.

"आमच्यातले सगळे म्हणतात, तू चेंडूच खेळलास. आई म्हणते, तू तसा नाहीसच. त्यांच्यातले म्हणतात, ठरवून मोडलास. दोघंही इतकं नीट सांगतात, कोणता पाय, किती वाकला. मी ऐकतो." त्याने बटणाचा नाद सोडला. हात मांडीवर ठेवले. मोठे, सालं निघालेले हात. "मला आठवत नाही हो. खरंच. मी निघालो ते आठवतं आणि तो ओरडला ते आठवतं. मधलं नाही. आधी चेंडू लागला का आधी पाय, मलाच माहीत नाही. तुम्ही तेवढ्या जवळ होता. तुम्ही पाहिलंत ना?"

दार उघडलं. शिपायाने डोकं बाहेर काढलं आणि हातातल्या कागदाकडे न बघताच म्हणाला, "लाइनच्या मॅडम. या."

मुलगी उठली. शर्ट मागून चुरगळला होता, तो तिने एका हाताने ओढला.

"मी पाहिलं नाही," ती कुलपाला म्हणाली.

त्याने वर बघितलं. त्याला राग यायला हवा होता, किंवा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"मग कोणी पाहिलं?"

तिने दार एका हाताने धरून ठेवलं. आत लांब टेबलामागे तीन माणसं कागद सरळ करत होती. त्यांच्या पुढ्यात पाण्याचे ग्लास झाकून ठेवले होते.

"तुम्हीही चला," ती म्हणाली.

"एकेकानेच, मॅडम," शिपाई म्हणाला.

पण तोवर तो उठला होता.